दारावरचं फडकं

आमच्या गल्लीला सोनेरी हेल्मेट मिळालं त्या दिवसापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. तसं ते हेल्मेट म्हणजे काही मोठी चीज नव्हे. अग्निशमन केंद्रातलं जुनं, टवके उडालेलं हेल्मेट, त्याला कुणीतरी सोनेरी रंग फासलेला, तोही घाईघाईत, कारण आतल्या पट्ट्यावर रंगाचे थेंब तसेच वाळले होते. पण ते मागच्या गल्लीकडून आमच्याकडे आलं म्हटल्यावर आमच्या लोकांची कॉलर ताठ. चौकातल्या किराणावाल्याने ते आपल्या काचेच्या कपाटात, साबणाच्या वड्यांच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं मांडलं. मी मात्र साबण घ्यायला दुसऱ्या दुकानात जाऊ लागले.

का, ते सांगते.

आमची गल्ली बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. बर्फ करायला अमोनिया लागतो. तो तिथल्या नळ्यांमधून रात्रंदिवस फिरत असतो आणि एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एखादा जोड सैल झाला की आधी नाकात सुई टोचल्यासारखं होतं, मग डोळे असे चुरचुरतात की माणूस समोरचा खांब बघत बघत त्यावरच आपटतो. मागे एकदा अशी गळती झाली होती. फार कुणाला काही झालं नाही, पण सगळी गल्ली घाबरून धावत सुटली ती नेमकी वारा वायू जिकडे नेत होता तिकडेच. म्हणजे आम्ही पुढे आणि तो मागे. त्यानंतर अग्निशमन केंद्राने ठरवलं की या लोकांना पळायला तरी शिकवावं.

शिकवायला जे अधिकारी आले त्यांना प्रत्येक महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणायची सवय होती. आम्ही त्यांना पाठीमागे डबलसाहेब म्हणायचो. भोंगा झाला की आधी कारखान्याच्या छपरावरची वाऱ्याची पिशवी बघायची, वाऱ्याबरोबर पळायचं नाही, आडवं निघायचं आणि चौकापलीकडच्या मैदानावर जमायचं. नाका-तोंडावर ओलं कापड धरायचं. निघता येणार नसेल तर सगळ्यात आतल्या खोलीत बसायचं, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबायची, नळ सोडून ठेवायचा, कारण हा वायू पाण्यात विरघळतो. आणि घरातली सगळी माणसं बाहेर पडली की दाराच्या कडीला पांढरं फडकं बांधायचं. म्हणजे मागून येणाऱ्या जवानांना कळेल की इथे कुणी नाही, ते वेळ न घालवता पुढच्या घरात शिरतील.

"फडकं म्हणजे आत कुणी नाही," डबलसाहेब म्हणायचे. "फडकं म्हणजे आत कुणी नाही."

ती फडकी मीच पुरवली होती. मी चौकातल्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात, आणि ज्या विरतात त्या बाद होतात. अशा बाद चादरींच्या मी पट्ट्या फाडल्या, कडा दुमडून इस्त्री मारली आणि गल्लीत घरोघर वाटल्या. लोकांनी त्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवल्या. त्या वेळी मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्या सरावाला निम्मे लोक आलेच नाहीत. कुणाचं दूध उतू जात होतं, कुणाची मालिका लागली होती. मग डबलसाहेबांनी ती शर्यतीची शक्कल लढवली. जी गल्ली सगळ्यात आधी पूर्ण रिकामी होऊन मैदानावर पोचेल, तिला सोनेरी हेल्मेट. झालं. ज्या लोकांना जिवाच्या भीतीने घराबाहेर काढता येत नव्हतं ते मागच्या गल्लीला हरवायला चपला न घालता धावायला लागले. पळापळीचे म्होरके झाले शिट्टीकाका. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस, गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती.

आणि आमच्या गल्लीला शर्यत जिंकण्यात एकच अडचण होती. ती म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आवाज असा की खिडकीतून नुसतं "अहो" म्हणाल्या तरी गल्लीच्या टोकाला सायकलवाला ब्रेक दाबायचा. भाजीवाला वजन करताना आमच्या खिडकीकडे बघून करायचा. पण गुडघ्यांनी दगा दिला होता. घरात वॉकर धरून फिरायच्या, बाहेर पडायचं तर उंबऱ्यापाशीच एवढा वेळ जायचा की बरोबरच्या माणसाने पेपर वाचून घ्यावा. पहिल्या शर्यतीत त्या निघाल्या, मी त्यांच्याबरोबर चालत होते, आणि आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा मागच्या गल्लीतल्या लोकांचा चहा पिऊन झाला होता. आमच्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं. सासूबाईंनी ते बरोबर टिपलं.

पुढच्या सरावाच्या आधी शिट्टीकाका आमच्याकडे आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, शिट्टी बोटात फिरवत राहिले, हवापाण्याचं बोलले, माझ्या नवऱ्याची चौकशी केली. आमचे हे ट्रक चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेरच असतात, हे त्यांना काय माहीत नव्हतं? तरी विचारलं. मुद्द्यावर यायची हिंमत होईना. शेवटी सासूबाईंनीच त्यांची सुटका केली.

"मी घरातच बसते," त्या म्हणाल्या. "दाराला फडकं बांधा आणि जा. आत येऊन कोण बघतंय?"

मी स्वयंपाकघरातून हातातला पळा घेऊनच बाहेर आले. हे चालणार नाही म्हटलं. हा काय खेळ आहे? त्यावर शिट्टीकाकांनी मला समजावलं की अहो, सराव तो सराव, खरं काही झालं तर आईंना काय आपण टाकून जाणार आहोत? खरं झालं तर ते स्वतः आणि शेजारच्या शिवणताईंचा नवरा, दोघं मिळून आईंना शिवणताई शिलाईला बसतात त्या चाकाच्या खुर्चीत बसवून नेतील. तसं ठरलंच समजा. शिवणताई आमच्या भिंतीपलीकडे राहते, घरीच शिलाईचं काम करते, आणि मदतीला एका हाकेवर हजर असते. तिनेही मान डोलावली. माझ्या मनातलं मात्र गेलं नाही. मी फोनवर ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, आईने स्वतःच सुचवलंय ना, मग तू कशाला ताणतेस. सासूबाईही रात्री जेवताना म्हणाल्या, अगं, म्हातारीमुळे हरलो असं गल्लीभर ऐकत बसण्यापेक्षा हे बरं. हसत म्हणाल्या. त्यांचं ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

सरावाच्या दिवशी मी लाँड्रीतून थेट मैदानावर जायचे, कारण आमच्या गल्लीची माणसं मोजायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे आमच्या दाराला फडकं बांधायचं काम शिवणताईकडे आलं. भोंगा झाला की ती स्वतःच्या दाराला बांधायची, एक पाऊल पुढे टाकून आमच्या दाराला बांधायची आणि पळत सुटायची. तिच्या गाठी म्हणजे बघायलाच नको. तिने शिवलेलं बटण कापड फाटलं तरी निघत नाही. त्या वेळी आम्ही जिंकलो. मग पुन्हा जिंकलो. मोजताना मी सासूबाईंचा आकडा धरून "सगळे आले" म्हणायचं, असं ठरलं होतं. मी म्हटलंही. डबलसाहेब टाळ्या वाजवायचे.

पहिल्यांदा हेल्मेट घेऊन लोक नाचत गल्लीत आले त्या संध्याकाळी मी घरात शिरले तर सासूबाई आतल्या खोलीत दिवा न लावता बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाल्या. मग सांगायला लागल्या की जवान खरंच दारापर्यंत आले होते. बुटांचा आवाज आला. एकाने कडी हलवली, दुसरा म्हणाला, फडकं आहे, रिकामं आहे. आणि गेले. "मी तोंडावर हात ठेवून बसले होते," त्या म्हणाल्या, "हसू फुटलं असतं तर पकडली गेले असते." मग जरा वेळाने, दिवा लावून मी स्वयंपाकघराकडे वळले तेव्हा मागून म्हणाल्या, "रिकामं म्हणाला गं."

त्यानंतर माझं हे असं झालं. लाँड्रीत चादर घडी करताना मध्येच हात थांबायचा. भोंग्यासारखा कुठलाही आवाज आला की कान उभे. घरी येताना दाराच्या खिळ्याकडे आधी नजर जायची, फडकं खिळ्यावर आहे ना, कडीला नाही ना. एकदा मी ते काढून कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी शिवणताईने विचारलं, हरवलं का, आणि स्वतःच्या कापडातून एक नवं, कडेला छान शिलाई मारून, पुन्हा खिळ्याला अडकवलं. तिला काय म्हणणार? मी म्हटलं, खुर्चीत बसवून न्यायचंय ना, तर एकदा खुर्चीत बसवून नेऊन बघू या. शिवणताईचा नवरा हो म्हणाला. शिट्टीकाकाही हो म्हणाले. पण रविवारी कुणाला लग्न, कुणाला पाहुणे. ते राहिलंच.

मग तो दिवस आला. साधा, कामाचा दिवस. दुपार व्हायची होती. मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत ओल्या चादरी यंत्रातून काढत होते आणि यंत्राच्या घरघरीत मला आधी भोंगा ऐकूच आला नाही. गिऱ्हाइकाशी बोलणारा मालक बोलता बोलता थांबला म्हणून मी बाहेर आले. आज सराव नव्हता. आज सराव नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी क्षणभर मी वेड्यासारखी आठवत राहिले की तारीख बदलली की काय. मग नाकात ती सुई टोचली.

मी कारखान्याच्या छपराकडे बघितलं. वाऱ्याची पिशवी चांगली फुगली होती आणि तिचं टोक आमच्या गल्लीकडे होतं.

मी हातातली ओली चादरच तोंडावर धरून पळाले. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पोलिसांनी दोरी बांधली होती. पलीकडे जमिनीलगत पांढुरकं धुकं पसरत होतं, आणि त्यातून आमची माणसं तोंडाला ओली कापडं बांधून, रांगेने, बिलकुल गडबड न करता बाहेर पडत होती. खरं सांगते, इतकं नीट कुणी सरावातही चाललं नव्हतं. मी पोलिसाला म्हटलं, माझ्या सासूबाई आत आहेत. तो म्हणाला, बाई, आत जवान आहेत, तुम्ही मैदानावर जा, तिकडे तुमची माणसं भेटतील. मी त्याच्या हाताखालून जाऊ बघत होते तर त्याने माझा दंड धरला आणि मला वळवलंच. आणि माझ्याही मनाने पटकन ते धरलं, की खुर्ची. खुर्ची ठरली होती. शिट्टीकाका आणि शिवणताईचा नवरा. मैदानावर असतील. मी आडवी धावत सुटले.

मैदानावर लोक खोकत होते, डोळ्यांवर पाणी मारून घेत होते, रडत होते, पण होते. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरले. शिट्टीकाका शिट्टी वाजवून लोकांना एका बाजूला घेत होते, त्यांच्याजवळ खुर्ची नव्हती. मी म्हटलं, नेली असेल, कुठे तरी सावलीत ठेवली असेल. शिवणताईचा नवरा दिसला, त्याच्या हातात त्यांच्या पोपटाचा पिंजरा होता. मी म्हटलं, मग दुसरं कुणी तरी असेल. आपलं मन किती लबाड असतं, शेवटपर्यंत सोय बघत राहतं.

तेवढ्यात शिवणताई गर्दीतून माझ्याकडे आली. डोळे लाल, धापा टाकत होती, पण चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं.

"काळजी करू नको," ती म्हणाली. "तुमच्या दाराला फडकं बांधलंय मी."

मी म्हटलं, "आई कुठे आहेत?"

मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मी तो चेहरा विसरणार नाही. तिने काही वाईट केलं नव्हतं. भोंगा झाला आणि तिच्या हातांनी जे दर वेळी केलं तेच केलं, आपल्या दाराला एक गाठ, एक पाऊल पुढे, आमच्या दाराला एक गाठ. शिट्टीकाकांच्या पायांनीही तेच केलं आणि पिंजरेवाल्याच्या पायांनीही. आम्ही सगळ्यांनी मिळून सासूबाईंना घरात ठेवून निघायचा सराव केला होता, आणि तो आम्हाला उत्तम येत होता. मला ओरडायचं होतं आणि कुणावर ते कळत नव्हतं.

डबलसाहेब जीपपाशी वायरलेस घेऊन उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, कारखान्याकडून येताना उजव्या हाताला निळं दार, तिथे आत माणूस आहे. त्यांनी वायरलेसवर विचारलं, मग माझ्याकडे वळले. त्या बाजूची घरं पाहून झाली होती. ज्यांना फडकी होती ती सोडून.

"त्या दाराला फडकं असेल ना?" ते म्हणाले. पहिल्यांदाच एखादं वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं.

"आहे," मी म्हटलं. "पण ते खोटं आहे. आम्ही दर वेळी खोटंच बांधत होतो."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघायला मी थांबले नाही, आणि तेही थांबले नाहीत. ते वायरलेसमध्ये बोलू लागले, निळं दार, फडक्याकडे बघू नका, फोडा आणि आत जा. पलीकडून नुसती खरखर. मग एक आवाज आला, मास्कमधून येतो तसा कोंडलेला. तो म्हणाला, निळ्या दाराला फडकं नाही साहेब. आम्ही परतताना पाहिलं, बाकी सगळ्यांना आहे, याला नाही, म्हणून थांबलोय. दार नुसतं लोटलेलं आहे. आत जातोय.

शिवणताई माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, मी बांधलं होतं. मी बांधलं होतं गं, देवाशपथ बांधलं होतं. माझी गाठ सुटत नाही. आणि तिला स्वतःचाच भरवसा वाटेना, तशी ती मटकन खाली बसली.

मी चालत राहिले. जीपपासून झाडापर्यंत, झाडापासून जीपपर्यंत. लाँड्रीची ओली चादर अजून माझ्या खांद्यावर होती आणि तिचं पाणी पाठीवरून खाली उतरत होतं. कुणी तरी मला पाणी दिलं, मी ते ओतून टाकलं. वायरलेस खरखरत होता आणि माणसाचा शब्द येत नव्हता. आत्तापर्यंत मी सासूबाईंशी जी काही भांडणं केली होती, कपड्यांच्या निळीवरून, चहातल्या साखरेवरून, ती सगळी मला एकदम आठवली आणि ती मला पुन्हा हवी होती.

मग तोच कोंडलेला आवाज म्हणाला, न्हाणीघरात आहेत. जिवंत आहेत. आणतोय.

त्यांना घेऊन रुग्णवाहिका गेली तेव्हा मला त्या नीट दिसल्याही नाहीत. दिसला तो तोंडावरचा मास्क आणि मुठीत घट्ट धरलेलं ओलं पांढरं कापड. परिचारिकेने ते सोडवायचा प्रयत्न केला तर सोडेनात. कडेची शिलाई मी ओळखली. शिवणताईची होती.

दवाखान्यात बरेच दिवस त्यांना बोलायची मनाई होती. घसा आतून भाजल्यासारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, आवाजाचं नंतर बघू. मी त्यांच्या पलंगाशी बसायचे आणि बसवायचं नाही म्हणून खिडकीशी जायचे, मग पुन्हा यायचे. शेवटी त्यांनीच मला बोटाने खुर्ची दाखवली. मनाई उठली तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून मला बाहेर जाऊन रडावंसं वाटलं. गल्लीच्या टोकाला ब्रेक लावणारा तो आवाज, आणि आता लोखंडावर काही खरवडल्यासारखं. त्या आवाजात त्यांनी मला तुकड्या-तुकड्याने सांगितलं.

भोंगा झाला तेव्हा त्यांना वाटलं सरावच असेल, आपल्याला कुणी सांगायचं विसरलं. मग वास आला. दाराशी शिवणताईची चाहूल आली, कडीला फडकं खसखसलं, आणि पावलं लांब गेली. त्या म्हणाल्या, मला वाटलं आत येईल, पण ती गेली, आणि तेव्हा मला कळलं. खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलं तर आत वायू गेला आणि घसा मिटला. मग बूट आले. कडी हलली. फडकं आहे, रिकामं आहे. पुन्हा तेच, तसंच. त्यांनी वॉकर जमिनीवर आपटला, पण बाहेर भोंगा, यंत्रं, मास्क, कोणाला काय ऐकू येणार. बूट पुढे गेले.

त्या मग दाराकडे निघाल्या. किती वेळ लागला ते त्यांना माहीत नाही, डोळे मिटून भिंतीला धरत गेल्या. दार उघडलं, बाहेर सगळं पांढरं, आणि हाताने कडी चाचपून ती गाठ सोडवायला लागल्या.

मी मध्येच म्हटलं, आई, त्यापेक्षा दारातच उभ्या राहून वाट बघायची. त्या म्हणाल्या, अगं, दारात राहिले असते तर मेलेच असते, डबलसाहेबांनी काय सांगितलं होतं? सगळ्यात आत, फटीत ओली फडकी, नळ सुरू. सगळे सराव त्यांनी खिडकीतून ऐकले होते, आणि एक्स्चेंजमधली बाई, ऐकलेलं विसरत नाही. पण आत जाऊन बसायचं तर आधी फडकं सुटायला हवं होतं. त्याशिवाय कोण परत येणार?

त्याच दिवशी शिवणताई पहिल्यांदा दवाखान्यात आली. इतके दिवस तिला धीरच झाला नव्हता. दाराशी उभी राहिली, आत येईना. सासूबाईंनी हात करून तिला बोलावलं, पलंगावर बसवलं, तिचा हात हातात घेतला. तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली.

"गाठ फार घट्ट मारतेस गं," त्या म्हणाल्या. "नखं तुटली माझी."

शिवणताई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. सासूबाई तिला थोपटत राहिल्या. मीही रडले, आणि मग मला इतका राग आला की मी सगळ्यांसाठी चहा आणायला निघून गेले.

आवाज काही परत आला नाही. भाजीवाला आता आमच्या खिडकीकडे न बघता वजन करतो, म्हणून मी स्वतः जाऊन उभी राहते. हेल्मेट शिट्टीकाकांनी स्वतःच नेऊन डबलसाहेबांना परत दिलं. काय बोलले माहीत नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या गळ्यात शिट्टी नसते.

कारखाना दुरुस्त झाला, लोक घरात परत आले, आणि काही महिन्यांनी पुन्हा सरावाचा दिवस आला. शर्यत नव्हती. मी मैदानावर न जाता घरी थांबले. मोजायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून मी आधीच सांगितलं होतं. शिट्टीकाका आणि शिवणताईचा नवरा चाकाची खुर्ची घेऊन आमच्या दारात उभे होते, शिवणताई होती, आणि का कुणास ठाऊक, गल्लीतले बाकीचेही आपापली दारं लावून तिथेच घुटमळत होते. भोंगा वाजला. सासूबाई वॉकर धरून उंबऱ्याबाहेर आल्या. शिवणताईने सवयीने खिळ्यावरच्या फडक्याकडे हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. "मी बांधते."

त्यांनी फडकं कडीला लावलं. बोटं जाड झाली आहेत, गाठ बसेना. एक बाजू लांब राहिली म्हणून सोडलं, पुन्हा लावलं. भोंगा चालूच होता. मागची गल्ली केव्हाच मैदानाकडे निघून गेली होती. माझा एक पाय खाली-वर होत होता, पण मैदानाकडे कुणीच निघालं नाही. गाठीचं शेवटचं टोक ओढायच्या आधी त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"आत कुणी नाही ना," त्या खरवडलेल्या आवाजात म्हणाल्या, "एकदा बघून ये."

घरात एरवी आम्ही दोघीच असतो. हे बाहेरगावी होते. दोघी दारात उभ्या होतो. तरी मी आत गेले. बाहेरची खोली बघितली, आतली बघितली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, तिथला नळ घट्ट बंद केला. पलंगाखाली वाकून बघितलं. मग मधल्या खोलीत उभी राहून मोठ्याने विचारलं, "कुणी आहे का?"

भोंग्याखेरीज काही ऐकू आलं नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, कुणी नाही. तेव्हा त्यांनी गाठ ओढली.